कॉर्न स्नेक रंग-गणक : प्रकल्प नोंदी, सोलापूर

५ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. कॉर्न स्नेकच्या नर-मादीची माहिती भरली की पिल्लं कोणत्या रंगाची, कोणत्या नक्षीची निघू शकतात आणि कशाची शक्यता किती, हे मराठीत सांगणारा गणक करायचा आहे. इंग्रजीत असे गणक आहेत. मराठीत हवा, कारण पहिलं गिऱ्हाईक घरातलंच. ताई ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मेंडेलच्या वाटाण्यापलीकडचं, मुलांनी डोळे मोठे करून बघावं असं उदाहरण तिला हवंय. दुसरं गिऱ्हाईक मावसभाऊ. तो स्टुटगार्टला नोकरीला असतो, त्याच्याकडे या सापांची जोडी आहे आणि यंदा तो पहिल्यांदा वीण घेणार आहे.

साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, उंदरांवर जगणारा, पूर्ण वाढला की चार-पाच फुटांचा. नारिंगी अंगावर काळ्या कडेचे तांबडे पट्टे, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी, हे त्याचं जंगलातलं रूप. आज त्याला पँथेरोफिस गटॅटस म्हणतात. पूर्वी तो इलाफे या वंशात धरला जायचा आणि आपल्या शेतांतला तस्करही त्याच वंशात होता. म्हणजे मुलांना सांगताना अगदीच परका प्राणी नाही.

११ जानेवारी

एक गोष्ट आधीच पक्की करून टाकली: गणकात प्रजातीची निवड ठेवायची नाही, फक्त कॉर्न स्नेक. तस्कर, धामण, नाग, घोणस यांपैकी कुठलाच साप घरात ठेवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना लागू आहे. मुलांच्या हातात हे साधन जाणार, तेव्हा पहिल्याच पानावर हे ठळक लिहिलंय. घरात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा, डबा शोधू नका.

१५ जानेवारी

गड्डा यात्रा. घर पाहुण्यांनी भरलेलं. काम बंद.

२० जानेवारी

रंगाचा पाया आज ताईबरोबर बसून नीट मांडला.

या सापाच्या कातडीत काळा-तपकिरी रंग एका प्रकारच्या पेशी धरतात, लाल-पिवळा दुसऱ्या प्रकारच्या. अमेल म्हणजे ज्यात काळा तयारच होत नाही: साप भडक नारिंगी-लाल, पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या, डोळे लाल. ॲनेरी म्हणजे ज्यात लाल नाही: राखाडी-काळा साप. दोन्ही गुण अप्रभावी आहेत, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच दिसतात. अमेलबाबतीत हे बेक्टेल पती-पत्नींनी प्रत्यक्ष वीण घेऊन १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. एकाच पिल्लात दोन्ही गुण जुळून आले की काळाही नाही, लालही नाही. तो गुलाबीसर पांढरा साप म्हणजे स्नो.

शिकवायला हा साप इतका चांगला का, ते इथे कळतं. उंदरात पांढरेपणाचं जनुक आलं की बाकी सगळे रंग झाकले जातात आणि पिल्लांच्या चार प्रकारांचं ९:३:३:१ हे नेहमीचं प्रमाण जाऊन ९:३:४ मिळतं. कॉर्न स्नेकमध्ये अमेल फक्त काळा काढून घेतं, लाल तसाच राहतो. त्यामुळे चारही प्रकार वेगवेगळे डोळ्यांना दिसतात. ताई म्हणाली, "हे मला दहा वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं."

नक्षी रंगापासून वेगळी चालते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचा माग बघितलेल्या कुणालाही हे चटकन समजेल: मोर की जाळी, हे जकार्डच्या पुठ्ठ्यांवरच्या भोकांनी ठरतं, आणि त्याच पुठ्ठ्यांवर लाल सूत लावा की हिरवं, मोर मोरच राहतो. सापात मोटली आणि स्ट्राइप ही पुठ्ठ्यांकडची जनुकं, अमेल आणि ॲनेरी सुताकडची. गणकात दोन्हींचे तक्ते वेगळे ठेवले.

२ फेब्रुवारी

नावांचा गुंता. सापांच्या बाजारात प्रत्येक जुळणीला नाव आहे. अमेल आणि ॲनेरी मिळून स्नो. अमेल आणि चारकोल मिळून ब्लिझर्ड. हायपो आणि ॲनेरी मिळून घोस्ट. अमेल आणि कॅरमेल मिळून बटर. पहिला विचार असा होता की वापरणाऱ्याने यादीतून नाव निवडावं. तो सोडला, आणि का सोडला ते इथे लिहून ठेवतो.

चारकोल हे ॲनेरीहून वेगळं जनुक, पण तेही लाल घालवतं. पांढरा साप समोर आहे. तो अमेल-ॲनेरी असेल, अमेल-चारकोल असेल, किंवा तिन्ही असतील. तिन्ही असले तर नुसतं बघून सांगता येत नाही. हायपोचं काम काळा कमी करणं. अमेलमध्ये काळा मुळातच नसल्याने त्याच्या अंगात हायपोच्या दोन्ही प्रती असल्या तरी ओळखणं अवघड. म्हणजे नाव कातडीवरून पडतं आणि पिल्लं ठरतात ती अंगात काय आहे त्यावर.

म्हणून प्रत्येक सापाला दोन रकाने दिले, "दिसतं" आणि "अंगात". हिशेब फक्त "अंगात"वर चालेल. बाजारातलं नाव सगळ्यात शेवटी, निकालाशेजारी छापायला. हा या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे असं मला वाटतं, बाकी सगळं यातून निघतं.

१६ फेब्रुवारी

"आहे / नाही / हेट" अशा तीन खुणांनी भागत नाही. (हेट म्हणजे एकच प्रत अंगात, दिसण्यात काही फरक नाही.) दोन जागी अडचण आली.

मोटली आणि स्ट्राइप ही दोन वेगळी जनुकं नाहीत, एकाच जनुकाची दोन रूपं आहेत. मोटलीत पाठीवरचे पट्टे बाजूंनी एकमेकांना जोडले जातात आणि मध्ये गोल खिडक्या राहतात. स्ट्राइपमध्ये मानेपासून शेपटीकडे सरळ रेघा. एका सापाला आईकडून मोटली आणि बापाकडून स्ट्राइप मिळालं तर तो मोटलीसारखा दिसतो. दोघंही मूळ नक्षीपुढे अप्रभावी.

दुसरी जागा अल्ट्रा. हे अमेलच्याच जनुकाचं रूप. एक प्रत अल्ट्रा आणि एक अमेल असेल तर साप दोन्हींच्या मधला दिसतो, त्याला अल्ट्रामेल म्हणतात. दोन अल्ट्रामेलांच्या पिल्लांत चौथा हिस्सा अमेल, अर्धा अल्ट्रामेल, चौथा हिस्सा अल्ट्रा.

तेव्हा आता जनुकाच्या प्रत्येक जागेला रूपांची यादी, त्यांचा प्रभावाचा क्रम, आणि क्रम मोडणाऱ्या जोड्यांसाठी वेगळी ओळ. टेसेरा हे नक्षीचं प्रभावी जनुक आहे, ते याच यादीत काहीही न बदलता बसलं. मांडणी बरोबर असल्याची ती चांगली खूण.

१ मार्च

पाठ्यपुस्तकातला चौकटींचा तक्ता इथे चालवायचा नाही. चार जनुकांना दोन्ही बाजूंनी हेट असेल तर चौकटी २५६, सहाला ४,०९६. काढणारा थकतो आणि वाचणाऱ्यालाही काही दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येक जनुकाचा हिशेब सुटा करायचा आणि शेवटी गुणाकार. सहा जनुकांसाठी सहा छोटे हिशेब. पायथनमध्ये (साप नव्हे, संगणकाची भाषा) अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवता येतात, त्यामुळे उत्तर १/१६ असंच छापून येतं, ०.०६२५ नाही. मुलांना १/१६ वाचता यायला हवं.

या गुणाकाराखाली एक गृहीत आहे: जनुकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जातात. सापाच्या गुणसूत्रांच्या जोड्या १८. दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी असली की गृहीत कोसळतं. हे निकालाच्या पानावरच लिहिलं, मदतीच्या पानात लपवलं नाही.

६ एप्रिल

ऊन तापायला लागलंय, दुपारी लॅपटॉपही गरम होतो. सकाळी सहा ते नऊ एवढंच काम.

जनुकांची खरी ओळख पटवणारं संशोधन जिनिव्हा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत झालंय, ते आज नोंदींना जोडलं. अमेल म्हणजे ओसीए-२ नावाच्या जनुकात जाऊन बसलेला, जागा बदलत फिरणारा एक डीएनए-तुकडा (२०१५). याच जनुकातल्या बिघाडाने माणसातही एका प्रकारचा वर्णहीनपणा येतो. लव्हेंडर हा आणखी एक रंग म्हणजे एलवायएसटी जनुकातला बदल (२०२०). तेच जनुक माणसात बिघडलं की शेडियाक-हिगाशी हा आजार होतो. टेराझो या नक्षीमागे पीएमईएल (२०२४). शौकिनांनी डोळ्यांनी बघून, पिल्लं मोजून ज्यांना नावं दिली, त्या गुणांना आता रेणूंचा पत्ता मिळतोय. ताईला यातलं ओसीए-२ फार आवडलं: साप आणि माणूस एकाच ओळीत शिकवता येतात.

२० एप्रिल

हे जनुक रंगाचं नाही, तरी घातलं: स्टारगेझर. दोन्ही प्रती आलेल्या पिल्लाचा तोल जातो, डोकं वर आणि मागे वळतं, सरळ चालता येत नाही. अप्रभावी आहे, त्यामुळे एक प्रत वाहणारा साप पूर्ण निरोगी दिसतो. पहिल्यांदा हे सनकिस्ड रंगाच्या घराण्यांत लक्षात आलं.

अप्रभावी रंग हवा म्हणून भावा-बहिणीची जोडी लावायची पद्धत या छंदात सर्रास आहे. रंग ज्या वाटेने येतो त्याच वाटेने हेही येतं. गणकात आता दोन्ही पालकांचे आई-बाप विचारले जातात आणि एक जरी समान निघाला तरी निकालाच्या वर लाल पट्टी येते. सनकिस्ड घराणं असेल तर वेगळी पट्टी. मावसभाऊ म्हणाला, "लोक वैतागतील बे." वैतागू देत. ही पट्टी काढता येणार नाही अशीच ठेवली आहे.

४ मे

अशोक चौकातले एक काका लव्हबर्ड पाळतात, म्हणजे खरं तर बजरी, छोटे पोपट. "आमच्या पाखरांना चालेल का रे तुझं?" असं त्यांनी विचारलं आणि वहीच दिली. कोणत्या पेटीत कोणती जोडी, किती अंडी, कोणत्या रंगाची पिल्लं, सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं. वही बघून मला फार आदर वाटला. तपासणीसाठी याहून चांगलं काय मिळणार?

हिरव्यापुढे निळा अप्रभावी, तो लगेच बसला. गडदपणाची एक प्रत आली तर गडद हिरवा, दोन आल्या तर ऑलिव्ह, हा अल्ट्रामेलच्या ओळीने बसला. लाल डोळ्यांचा पिवळा लुटिनो मात्र लिंगाशी जोडलेला. पक्ष्यांत आणि सापांतही मादीकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, नराकडे दोन सारखी. म्हणून लुटिनो नर आणि हिरवी मादी लावली की सगळ्या माद्या लुटिनो, सगळे नर हिरवे. त्यासाठी वेगळा नियम लिहिला.

निळा आणि गडद हे दोन गुण मात्र बजरीत एकाच गुणसूत्रावर शेजारी आहेत. काकांच्या वहीत ते स्पष्ट दिसतं, गुणाकाराने येणारी संख्या तिथे जुळतच नाही. काकांना कारण माहीत नव्हतं, पण कोणत्या पेटीतून काय निघत नाही हे त्यांना तोंडपाठ. एक मार्चच्या गृहीताला आता खरं उदाहरण मिळालं.

२५ मे

स्टुटगार्टहून फोटो आले. मादीने काल रात्री १४ अंडी घातली. दोन पिवळी, लहान, न फळलेली. बारा पांढरी आणि टणटणीत. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं खनिज) ठेवून, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून (सापाची अंडी उलटायची नसतात) २८ अंशांच्या पेटीत ठेवली. साठ दिवसांच्या आसपास फुटतील.

आता खरा हिशेब. नर: स्नो, मूळ नक्षी, विक्रेत्याच्या चिठ्ठीवर "हेट स्ट्राइप". मादी: मूळ रंग, मोटली नक्षी, चिठ्ठीवर "हेट अमेल, ६६ टक्के हेट ॲनेरी". माद्या शुक्रजंतू साठवून ठेवू शकतात, म्हणून आधी कुठल्या नराबरोबर होती का हेही अर्जात विचारलं. पिल्लू असल्यापासून तिला एकटीच ठेवली आहे.

६६ टक्के कुठून येतात: तिचे आई-बाप दोघंही ॲनेरीला हेट. पिल्लांत चौथा हिस्सा ॲनेरी, तो दिसतोच. उरलेल्या तीन हिश्शांतले दोन हेट, एक मोकळा. म्हणून दोन-तृतीयांश.

इथे सगळ्यात काळजीपूर्वक काम करावं लागलं. मादी हेट असेल तर प्रत्येक अंड्यात ॲनेरी किंवा स्नो निघण्याची शक्यता निम्मी. मग सरासरी एक-तृतीयांश धरून बाराही अंड्यांत एकही लाल नसलेलं पिल्लू न निघण्याची शक्यता काढली तर ०.८ टक्का येते. ती चूक आहे. मादी एकच आहे. ती एका अंड्यासाठी हेट आणि दुसऱ्यासाठी मोकळी असू शकत नाही. ती हेट असली तर बारा अंड्यांत एकही न निघणं जवळपास अशक्य, आणि नसली तर एकही निघणारच नाही. खरी शक्यता ३३.३ टक्के. तीनात एकदा मावसभावाला एकही ॲनेरी किंवा स्नो मिळणार नाही.

म्हणून गणक आता सरासरी काढत नाही. मादी हेट धरून एक पूर्ण हिशेब, मोकळी धरून दुसरा, आणि मग दोन्हींना त्यांचं वजन देऊन बेरीज. चिठ्ठीवरची टक्केवारी आपल्या अज्ञानाची आहे, सापाची नाही, हे या मांडणीत आपोआप येतं.

१५ जून

एका अंड्याला बुरशी लागली, काढावं लागलं. अकरा उरली.

ताईने विचारलं, ओकीटी नावाचा देखणा लाल साप यादीत का नाही. ओकीटी हे नाव साउथ कॅरोलायनातल्या एका भागावरून आलेलं. तिथल्या सापांत तांबडे पट्टे गडद आणि काळ्या कडा रुंद. पिढ्यान् पिढ्या निवडून तो जोपासला गेला, अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार आहे, एका जनुकाचं काम नाही. त्यासाठी अपूर्णांक छापणं म्हणजे फसवणूक. यादीत "निवडीने जोपासलेले" असा वेगळा गट केला, शक्यतेच्या रकान्यात आडवी रेघ.

६ जुलै

ताईच्या बारावीच्या वर्गात गणकाचं पान पहिल्यांदा उघडलं. त्याआधी हाताने खेळ. आधी चिंचोके फोडून टाकायचे ठरलं होतं, पण फोडलेला चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडेल याची खात्री नाही. म्हणून काडेपेट्या आणि मणी. प्रत्येक पालकाच्या प्रत्येक जनुकाला एक पेटी, पेटीत दोन मणी, न बघता एक काढायचा. दोन्ही पालक अमेल आणि ॲनेरीला हेट, प्रत्येक गटाने सोळा "अंडी" काढायची.

मुलांची अपेक्षा: सोळात एक स्नो. काही गटांना एकही आला नाही, एकाला तीन आले. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या पेटीत काहीतरी गडबड आहे." पेटी उघडून मणी मोजले. गडबड नव्हती. मग फळ्यावर हिशेब: सोळा अंड्यांत एकही स्नो न येण्याची शक्यता ३६ टक्के. एक तरी स्नो मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ अंडी लागतात. मेंडेलकडे ५५६ दाणे होते, म्हणून त्याला ३१५, १०१, १०८, ३२ असे आकडे मिळाले. साप एका वेळी दहा ते तीस अंडी घालतो.

त्या मुलीने वर्गातल्या सगळ्या गटांची अंडी एकत्र मोजायला घेतली, तास संपल्यावरही. एकत्र केल्यावर प्रमाण दिसायला लागलं. गणकात लगेच ओळ वाढवली: प्रत्येक प्रकारासमोर "एकही न निघण्याची शक्यता".

२४ जुलै

रात्री साडेअकराला मावसभावाचा व्हिडिओ कॉल. पहिलं अंडं चिरलं गेलंय, चिरेतून नाक बाहेर. "काय म्हणतंय बे तुझं मशीन?"

पहिलं डोकं नारिंगी, डोळे लाल. अमेल. यातून मादी हेट अमेल असल्याचं पक्कं झालं, आणि पिल्लू लाल निघालं म्हणून ती हेट ॲनेरी असण्याचा आकडा ६६ वरून ५० वर उतरला. तासाभराने दुसरं. ओलं, चकचकीत, राखाडी, डोळे काळे. लालाचा लवलेश नाही. ॲनेरी.

मी तिथेच गणकात एक ॲनेरी भरलं आणि मादीचा तो आकडा थेट १०० झाला. एकच पिल्लू पुरलं. उलट समजा आधी पाच पिल्लं लालसर निघाली असती, तर आकडा ६६ वरून ६ पर्यंत उतरला असता. दहा निघाली असती तर ०.२. शून्य कधीच नाही. असल्याचा पुरावा एका पिल्लात मिळतो, नसल्याचा कितीही पिल्लांत पूर्ण होत नाही.

"दादा, मादी हेट आहे, पक्कं," म्हणालो. तो काही बोललाच नाही, कॅमेरा अंड्यावर धरून बसला.

२८ जुलै

अकराही बाहेर. मूळ रंगाची ४, अमेल १, ॲनेरी २, स्नो ४. अपेक्षा प्रत्येकी २.७५. ताईने काय-वर्ग (मिळालेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत ते मोजणारी कसोटी) काढला, २.४५ आला. मर्यादा ७.८१. इतक्या लहान संख्येला ही कसोटी सैल पडते, पण गणकाच्या विरोधात काही नाही.

नक्षीची नोंद पहिली कात टाकेपर्यंत करायची नाही असं मावसभावाला सांगितलं.

१० ऑगस्ट

कात टाकून झाली. नक्षीसाठी पाठीपेक्षा पोट बघणं सोपं: मूळ नक्षीच्या पिल्लाच्या पोटावर चौकटी, मोटली-स्ट्राइपचं पोट कोरं. प्रत्येक पिल्लू काचेवर ठेवून खालून फोटो काढलाय. सहा चौकटीची, पाच कोरी. कोरी पाचही पाठीवरून मोटली. स्ट्राइप एकही नाही.

प्रश्न मादीचा: तिच्या दोन्ही प्रती मोटली आहेत, की एक मोटली, एक स्ट्राइप? नर हेट स्ट्राइप आहे असं धरलं तर दुसऱ्या स्थितीत कोऱ्या पोटाच्या पिल्लांतली निम्मी स्ट्राइप निघायला हवीत. पाचांत एकही न निघण्याची शक्यता ३.१ टक्के. आधी निम्मं-निम्मं धरलं तर मादीत स्ट्राइप लपलेलं असण्याची शक्यता आता ३ टक्के.

पण नराची चिठ्ठी खरी कशावरून? मोटली पिल्लं निघाली, म्हणजे नराकडे मोटली किंवा स्ट्राइप यांपैकी एक प्रत नक्की आहे. ती मोटलीची असेल तर मादीत स्ट्राइप असो वा नसो, एकही स्ट्राइप पिल्लू निघणार नाही, आणि अकरा पिल्लं मादीबद्दल काहीच सांगत नाहीत. चिठ्ठीवर ९० टक्के विश्वास धरून चारही स्थिती मांडल्या. मादीत स्ट्राइप असण्याची शक्यता ३ वरून ११ टक्क्यांवर गेली. चिठ्ठीवरच्या एका शब्दावर दहा टक्के शंका घेतली आणि उत्तर जवळपास चौपट झालं.

विश्वासाचा आकडा वापरणाऱ्यानेच भरायचा, असा रकाना आता प्रत्येक चिठ्ठीशेजारी आहे. रिकामा ठेवता येणार नाही.

२४ ऑगस्ट

पिल्लांच्या चिठ्ठ्या. रंगात टक्केवारी लागतच नाही: बाप स्नो, म्हणजे प्रत्येक पिल्लाला त्याच्याकडून अमेलची आणि ॲनेरीची एकेक प्रत मिळालेलीच आहे. मूळ रंगाची चारही दोन्हींना शंभर टक्के हेट. अमेल पिल्लू ॲनेरीला हेट, दोन्ही ॲनेरी अमेलला हेट.

नक्षीवर मावसभावाशी वाद झाला. त्याला मोटली पिल्लांवर "हेट स्ट्राइप" लिहायचं होतं, विकताना भाव येतो. मी म्हणालो, "दादा, ते तुझ्या विक्रेत्याने तुला सांगितलेलं, तू पुढच्याला सांगणार, आणि तिसरा माणूस त्यावर जोडी लावणार." थोडा वेळ घेऊन त्याने मान्य केलं. चिठ्ठीवर आता असं आहे: "मोटली. स्ट्राइपची प्रत असण्याची शक्यता मोठी, पडताळणी बाकी." प्रत्येक चिठ्ठीसोबत पोटाचा फोटो आणि आई-बापांच्या चिठ्ठ्यांची प्रत.

पुढच्या हंगामासाठी गणकाने सुचवलेली जोडी: ही मादी आणि स्ट्राइप दिसणारा, तिच्या नात्यात नसलेला नर. त्याच्या दोन्ही प्रती डोळ्यांना दिसतात, चिठ्ठीवर विश्वास ठेवायची गरजच नाही. मादीत स्ट्राइप असेल तर निम्मी पिल्लं स्ट्राइप. पाच अंड्यांत एकही न निघालं तर ११ टक्के अर्ध्या टक्क्याखाली येतात. मावसभाऊ नर शोधतोय.

उरलेलं काम: काकांच्या वहीतून निळा-गडद जोडीचं गुणसूत्रावरचं अंतर काढायचं, आणि दिवाळीआधी ताईच्या वर्गासाठी अकरा पिल्लांचे फोटो मोठे छापून घ्यायचे, पाठ आणि पोट दोन्ही.